अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसं

पाय चेपून देणाऱ्या दुकानात तो तक्ता बहुधा असतोच. दोन तळपाय आणि त्यांवर रंगीत ठिपके. अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसं, आतल्या कडेनं उतरत गेलेला पाठीचा कणा, उजव्या पायावर यकृत, डाव्यावर हृदय. शेजारी ‘पाच हजार वर्षांची प्राचीन विद्या’ असं काहीतरी लिहिलेलं, आणि पुराव्यादाखल इजिप्तचं एक चित्र.

चित्र अस्सल आहे. सक्कारा इथल्या अंखमाहोर नावाच्या वजिराच्या थडग्यातलं, सुमारे ४३०० वर्षांपूर्वीचं. दोन माणसं दुसऱ्या दोघांचे हातपाय धरून बसली आहेत. ती नखं कापतायत, दुखणं बघतायत की पाय रगडतायत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तळपायावर यकृत कोरलेला नकाशा मात्र तिथे नाही. तो जेमतेम शंभरीचा आहे आणि त्याचं घराणं अमेरिकेतलं आहे.

मूळ पुरुष विल्यम फिट्झगेराल्ड, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. पेशंटला आराम वाटावा हा त्यांचा उद्देशच नव्हता. त्यांना भूल हवी होती. शरीरावर ठरावीक जागी दाब दिला की दुसरीकडचा भाग बधिर होतो आणि लहानसहान शस्त्रक्रिया उरकता येतात, असं त्यांना आढळलं. त्यावरून त्यांनी माणसाचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पाडले, प्रत्येक बोटाच्या वाट्याला एक. आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते ती बोलण्यात; फिट्झगेराल्डना तशी वाट खरोखरच सापडली असं वाटत होतं. दाब द्यायला त्यांची हत्यारंही घरगुती होती: कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड, धातूचे कंगवे. बोटांना चिमटे लावून बसलेला पेशंट डोळ्यांसमोर आणला की ‘स्पा’ या शब्दातला सगळा सुवास उडून जातो.

एडविन बॉवर्स या डॉक्टर-लेखकानं १९१५ साली मासिकात लेख लिहून ही पद्धत गाजवली. दातदुखीवर पायाचं बोट दाबायचा सल्ला त्याच्या शीर्षकातच होता. १९१७ साली दोघांचं पुस्तक निघालं. नाव ‘झोन थेरपी’. त्यात पायाला काही खास मान नव्हता. हात, जीभ, घसा सगळ्यांना सारखाच दाब.

पायाला मान दिला तो युनिस इंगहॅम या बाईंनी. फ्लोरिडात जो शेल्बी रायली या डॉक्टरांकडे त्या काम करत. रायलींनी ही पद्धत उचलली होती, आणि पायावर हे सगळं जास्त तीव्रतेनं जाणवतं असं इंगहॅम यांच्या लक्षात आलं. त्यांचा खरा फेरफार आणखी बारीक होता. एकसारखा दाब बधिर करतो. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं असं केलं तर अंग चेततं, असं त्यांचं म्हणणं. चिमटे आणि कंगवे गेले, अळीसारखा वाकत-सरकत जाणारा अंगठा आला. १९३८ साली त्यांनी पहिलं पुस्तक काढलं आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव फिरून सामान्य माणसांना शिकवलं. हाताला कणकण लागते ते साचलेले स्फटिक, ते फोडले की रक्ताभिसरण मोकळं होऊन शरीराचा तोल सावरतो, ही समजूतही त्यांचीच. अशा तक्त्यांवर ‘संतुलन’ हा शब्द दिसतो, तो इथून आलेला आहे. तसे स्फटिक कुणाला दाखवता आलेले नाहीत.

या पद्धतीचं आजचं नाव, रिफ्लेक्सॉलॉजी, हे तर उसनंच म्हणायला हवं. रशियात व्लादिमिर बेख्तेरेव यांनी ते आधीच वापरलं होतं, माणसाच्या वर्तनाच्या शास्त्रासाठी. त्यात पाय चेपणं कुठेच नव्हतं. इंगहॅम यांच्या पद्धतीला ते चिकटलं १९६०च्या दशकात.

पूर्वेकडचा प्रवास याहून मजेशीर आहे. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारे स्विस धर्मगुरू जोसेफ ऑयग्स्टर सांधेदुखीनं हैराण होते. हाती आलेलं एक जर्मन पुस्तक वाचून त्यांनी स्वतःचे पाय दाबायला सुरुवात केली, मग गावकऱ्यांचे. तिथे ते वू रुओ-शी या नावानं इतके प्रसिद्ध झाले की तैवानात पायांच्या मसाजची लाटच आली. चिनी म्हणून मिरवणाऱ्या कित्येक पाट्यांमागे असा एक युरोपातला पाद्री उभा आहे.

या पद्धतीचे दावे तपासले गेलेच. संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली १८ चाचण्या एकत्र तपासल्या. कुठल्याही आजारावर ही पद्धत गुणकारी असल्याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला वाटतं, यात तक्ता हरतो, पाय चेपणं हरत नाही. थकलेल्या माणसाचे तळवे कुणी मन लावून चोळले तर त्याला बरं वाटतं, आणि त्यासाठी यकृत कुठल्या ठिपक्यात आहे हे ठाऊक असावं लागत नाही.

चरकसंहितेत पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळणं, आहे. त्यानं पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा जातो आणि डोळ्यांना बरं असतं, असं सांगितलंय, ठिपके नाहीत. आमच्या घरी तेच काम काशाची वाटी करायची. आजी तळव्याला तूप लावून वाटी गोल गोल फिरवायची आणि थोड्या वेळानं काळी झालेली वाटी दाखवून म्हणायची, “बघ, किती उष्णता निघाली.” ती काजळी म्हणजे वाटीचाच झिजलेला धातू आणि तुपाशी झालेला त्याचा संयोग. पण हे विचारायचं सुचण्याआधीच आम्ही झोपलेले असायचो.