पॅरिश, उपवास आणि हापसा

'पॅरिश'च्या मुळाशी चर्च सापडत नाही, घर सापडतं. ग्रीकमध्ये 'ओइकोस' म्हणजे घर, 'पॅरा' म्हणजे लगत. त्यावरून 'पॅरोइकिया': शेजारवस्ती, आणि परमुलखातला तात्पुरता मुक्कामही. 'पॅरोइकोस' म्हणजे गावात राहणारा, पण गावकीत ज्याला जागा नाही असा उपरा. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतःला या जगातले उपरेच समजत, म्हणून त्यांच्या समुदायाला हा शब्द चिकटला आणि लॅटिन, फ्रेंच करत झिजत झिजत इंग्रजीत 'पॅरिश' होऊन बसला.

वसईकडचे कॅथलिक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साधं गाव असणार. पण वेदकाळात 'ग्राम' म्हणजे गुराढोरांसह फिरता जथा, असं अभ्यासक सांगतात. असे दोन जथे एकमेकांना भिडले की 'संग्राम'. तिकडे उपऱ्यांचा मुक्काम, इकडे भटक्यांचा जथा. प्रतिशब्द इतका खोल उतरेल, असं तो काढणाऱ्यालाही वाटलं नसेल.

गोव्यात पॅरिशला 'फिर्गज'. तो पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून आला. त्यातला 'फ्रेगेश' हा लॅटिन 'फिलियुस एक्लेसिए', म्हणजे चर्चचा लेक, याचा घासून गुळगुळीत झालेला अवतार. पोर्तुगीजमध्ये आज याच 'फ्रेगेश'चा दुसरा अर्थ गिऱ्हाईक असा आहे. लेकाचं गिऱ्हाईक कधी झालं, हे विचारायची सोय नाही. पण चर्चबाहेरच्या आठवडी बाजारात रविवारी तीच माणसं समोर येत असणार, तेव्हा दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

तर 'पॅरिश' हा असा शेजारवस्तीचा शब्द. आणि अशा शेजारवस्त्या दरवर्षी वर्गणी काढतात ती सातासमुद्रापलीकडच्या विहिरींसाठी आणि दवाखान्यांसाठी. जर्मनीत १९५८ साली कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांनी बिशपांपुढे कल्पना मांडली, की ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घराघरांतून जगातली भूक आणि कुष्ठरोग यांच्यासाठी पैसा निघावा. त्यातून 'मिझेरेओर' ही संस्था निघाली. आयर्लंडच्या बिशपांनी १९७३ साली 'ट्रोकरा' काढली. तिचा पुठ्ठ्याचा घडीचा डबा उपवासकाळाच्या तोंडाशी घरोघर जातो, जेवणाच्या टेबलावर बसतो, आणि चहाबरोबरची बिस्किटं किंवा शुक्रवारचं गोडधोड टाळून वाचलेली नाणी पोरंटोरं त्यात टाकतात. आपल्याकडे यालाच पोटाला चिमटा घेणं म्हणतात.

'उपवास'ही जवळपणाचाच शब्द आहे. 'उप' म्हणजे जवळ, 'वस्' म्हणजे राहणं. यज्ञाच्या आदल्या रात्री यजमानानं अग्नीजवळ मुक्काम करायचा. उद्या देव पाहुणे येणार, तर त्यांच्या आधी आपण कसं जेवायचं, म्हणून जेवण राहिलं. पुढे मुक्काम सुटला, उपाशीपण तेवढं उरलं, आणि आता तर तेही साबुदाण्याच्या खिचडीपुरतं. धातू वेगळे असले तरी 'पॅरोइकिया' आणि 'उपवास' एकाच साच्यातले आहेत: लगत राहणं. पॅरिशनं उपवासात पैसा जमवावा, हे शब्दांच्या हिशेबानं अगदी जुळून येतं.

संस्थांची नावं याहून मजेची. 'ट्रोकरा' म्हणजे आयरिशमध्ये दया. त्यात 'दीन' आणि 'माया करणं' असे दोन तुकडे जोडलेले आहेत. 'मिझेरेओर' तर नाम नाहीच, अख्खं वाक्य आहे: मला दया येते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात तीन दिवसांच्या उपाशी गर्दीकडे पाहून येशू जे बोलतो, त्यातला हा लॅटिन शब्द. मराठी बायबलात तिथे 'कळवळा' आहे, आणि माझ्या मते तो लॅटिनपेक्षा मूळ ग्रीकच्या जास्त जवळ आहे. ग्रीक क्रियापद आहे 'स्प्लांख्निझोमाई', ते 'स्प्लांख्ना'वरून, म्हणजे पोटातली आतडी-काळीज. लॅटिननं ही आतडी काढून टाकली आणि मागे स्वच्छ, धुतलेली दया ठेवली. मराठी माणसाचं आतडं अजून तुटतं, पोटात कालवतं, कळवळा म्हटलं की पोटात उठणारी कळ ऐकू येते. संस्थांच्या अहवालांतून हल्ली 'करुणा' आणि 'संवेदनशीलता' फार दिसतात. त्यांना पोट नाही.

जमलेल्या पैशाला मंडळी 'फंड' म्हणतात. लॅटिन 'फुंडुस' म्हणजे तळ, बूड, आणि जमिनीचा तुकडाही. त्याचा संस्कृत भाऊ 'बुध्न', म्हणजे पुन्हा तळच. तोच प्राकृतातून उतरून आपल्या झाडाचा 'बुंधा' झाला. सरकारी मराठीला 'फंड' नको असतो, 'निधी' हवा असतो. निधी म्हणजे नीट खाली ठेवलेलं, पुरलेलं धन. गंमत अशी की संस्कृत कवींना हा शब्द पाण्यासाठीही सुचे. समुद्राला ते जलनिधी म्हणत, वारिनिधी म्हणत. 'जलनिधी' हे नाव कुणी आज पाणीयोजनेच्या खात्याला दिलं, तर बँकेतला माणूस आणि कालिदासाचा वाचक दोघंही मान डोलावतील.

परदेशी वर्गणीच्या या व्यवहारात आपण पुष्कळ काळ घेणारे होतो, हे विसरून चालणार नाही. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९० च्या दशकात उभं केलेलं हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या दानावर चाललं, आणि 'मिशन' हा शब्द आपल्या खेड्यांत धर्मापेक्षा दवाखान्याच्या दारातून आला. पाण्याच्या बाबतीत मात्र देणंघेणं उलटही झालं. पूर्वी खेड्यात बसत ते ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले असत. अख्खं गाव त्यावर लोटलं की मोडत. १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमंडळींनी पोलादी पंप बनवला. दांड्याला एकच खीळ. पुढे सोलापूरला तो आणखी सुधारला. तिथे दांड्याच्या टोकाला चापासारखा वळलेला तुकडा, त्यावरून सायकलसारखी साखळी, आणि साखळीला खालची सळई. दांडा वर्तुळात फिरला तरी सळई सरळच वर-खाली होते, बाजूला घासत नाही, म्हणून टिकते.

सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात सरकार आणि युनिसेफनं 'इंडिया मार्क टू' तयार केला, आणि तो आफ्रिकेत पोचला. युगांडात त्याच्या तिथल्या अवताराला 'यू टू' म्हणतात. तिकडच्या खेड्यात परदेशी वर्गणीतून हातपंप बसतो, तेव्हा तो पुष्कळदा याच घराण्यातला असतो. नावातून जालना गेलं, सोलापूर गेलं, शेवटी इंडियाही गेलं. आपल्याकडे त्याला कुठे हापसा म्हणतात, कुठे हापशी, कुठे नुसतं बोअरिंग. 'मार्क टू' कुणी म्हणत नाही.