पौर्णिमेच्या पंगती : बर्मिंगहॅमचे चांद्रमंडळ आणि १७९१ची दंगल

१४ जुलै १७९१. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात टेंपल रोवरच्या रॉयल हॉटेलात दुपारी सुमारे ८० गृहस्थ जेवायला जमले. वर्गणी माणशी पाच शिलिंग, वाइनची बाटली धरून. बॅस्टिल पडल्याला त्या दिवशी दोन वर्षे होत होती. पहिला पेला उंचावला गेला तो मात्र इंग्लंडचा राजा आणि राज्यघटना यांच्या नावाने. संध्याकाळी पाचच्या सुमारास मंडळी शांतपणे घरी परतली.

त्याच रात्री हॉटेलच्या काचा फुटल्या, शहरातील दोन प्रार्थनागृहे उद्ध्वस्त झाली आणि जमाव मैलभर चालत एका रसायनशास्त्रज्ञाच्या घरावर गेला. तो त्या जेवणाला गेलाच नव्हता.

एका जेवणावरून शहर का पेटावे? याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या शहरात जेवणाच्या टेबलाला एवढे महत्त्व कशामुळे आले, हे पाहावे लागते.

अठराव्या शतकातील बर्मिंगहॅम ही मोठी विलक्षण वसाहत होती. बटणे, बकले, बंदुका, खिळे, पितळी खेळणी असे सारे तेथे घडत होते. १८०१च्या जनगणनेत लोकसंख्या ७० हजारांच्या पुढे गेली. पण या शहराला नगरपालिका नव्हती, महापौर नव्हता, संसदेत स्वतःचा प्रतिनिधीही नव्हता. प्रतिनिधी मिळाला १८३२मध्ये, नगरपालिका १८३८मध्ये. तोवर कारभार चालला तो जुन्या जहागिरी न्यायालयावर, चर्चच्या परगण्यातील अधिकाऱ्यांवर आणि १७६९पासून दिवे व रस्ते पाहणाऱ्या एका आयुक्तमंडळावर.

मग कालवा खोदायचा की नाही, रुग्णालयाला पैसे कोण देणार, लंडनला अर्ज कोणी घेऊन जायचा, हे ठरायचे कुठे? बऱ्याच अंशी कोणाच्या तरी घरी, जेवणानंतर.

या घरांपैकी सर्वांत प्रसिद्ध घर मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराचे, सोहो हाउस. १७६५मध्ये विल्यम स्मॉल नावाचा स्कॉटिश वैद्य अमेरिकेतून परतून बर्मिंगहॅमला आला. हातात बेंजामिन फ्रँकलिनने बोल्टनला लिहिलेले ओळखपत्र होते. स्मॉलने व्हर्जिनियात तरुण थॉमस जेफरसनला शिकवले होते. हा अबोल, अविवाहित वैद्य माणसे जोडण्यात मात्र पटाईत होता. त्याच्याभोवती जे मित्रमंडळ जमले, तेच पुढे 'लूनर सोसायटी' अर्थात चांद्रमंडळ म्हणून ओळखले गेले. १७७५च्या आरंभी स्मॉल वारला. गंमत अशी की मंडळाच्या बैठका नियमित झाल्या त्या त्याच्या मृत्यूनंतर. जणू ज्याच्यामुळे सारे सहज भेटत होते तो गेल्यावर भेटींना नियमाची गरज भासली.

चंद्राशी संबंध निव्वळ व्यवहाराचा होता. कोजागिरीच्या आटीव दुधाची कल्पना येथे लावू नये. शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवे नव्हते, खड्डे होते, लुटारूंचे भय होते. म्हणून पौर्णिमेच्या जवळचा दिवस निवडायचा, दुपारी दोनला जेवायला बसायचे, आठच्या सुमारास उठायचे आणि चांदण्यात घोड्यावरून घर गाठायचे. सुरुवातीला हा वार रविवार होता. १७८०च्या अखेरीस जोसेफ प्रिस्टली शहरात आला. तो धर्मोपदेशक असल्याने रविवारी त्याला मोकळीक नसे, म्हणून पंगत सोमवारी गेली.

मंडळाचे सभासद कधीही १४ च्या पुढे गेले नाहीत. बोल्टन आणि त्याचा भागीदार जेम्स वॉट, कुंभकामाचा उद्योग उभारणारा जोसाया वेजवुड, रसायनोद्योजक जेम्स कीर, हृदयविकारावर डिजिटॅलिसच्या वनस्पतीचा उपयोग शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा विल्यम विदरिंग, आणि लिचफील्डचा धिप्पाड वैद्य इरॅझमस डार्विन, म्हणजे चार्ल्सचा आजोबा. रोग्यांच्या घाईमुळे डार्विनच्या पंगती वारंवार चुकत आणि मग तो बोल्टनला विनोदी, हळहळीची पत्रे पाठवी. इतिहासकारांवर हे त्याचे उपकारच आहेत, कारण मंडळाने इतिवृत्त असे कधी ठेवलेच नाही. टेबलावर काय बोलले गेले ते कळते ते बहुधा न आलेल्यांच्या पत्रांतून. ज्या स्वयंपाकिणींनी ही जेवणे रांधली त्यांची नावे तर त्या पत्रांतही सापडत नाहीत.

चांद्रमंडळाची ओळख सहसा विज्ञानाच्या इतिहासात करून दिली जाते. वाफेचे यंत्र आणि वायूंचे प्रयोग डोळ्यांत भरतात, हे खरेच. पण याच माणसांच्या ओळखीपाळखीतून शहराचे प्रश्नही सुटत होते.

चांदीचेच पाहा. त्या काळी चांदीच्या वस्तूवर शुद्धतेचा सरकारी ठसा उमटवल्याशिवाय ती विकता येत नसे आणि बर्मिंगहॅमला ठसा उमटवणारी जवळची कचेरी सुमारे ७० मैलांवर चेस्टरला होती. माल जाता-येता खराब होई, वेळ जाई. बोल्टनने १७७३मध्ये लंडनला तळ ठोकून, ओळखीच्या सरदारांचे उंबरे झिजवून संसदेकडून कायदा करून घेतला. लंडनच्या सोनार-चांदीकारांनी जोरदार विरोध केला, पण त्याच वर्षी बर्मिंगहॅमची कचेरी सुरू झाली. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहराचे चिन्ह नांगर आहे.

कालव्याची गोष्टही अशीच. पहिला कालवा कोळसा घेऊन नोव्हेंबर १७६९मध्ये बर्मिंगहॅमजवळ पोहोचला आणि शहरातील कोळशाचा भाव झपाट्याने उतरला. या खटपटीत बोल्टन आणि स्मॉल दोघेही होते. तिकडे ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी वेजवुड आणि डार्विन पत्रके लिहीत, पैसे जमवीत हिंडत होते. त्याची पहिली कुदळ वेजवुडने १७६६मध्ये मारली. डॉ. जॉन ॲश यांनी आरंभलेले रुग्णालय पैशाअभावी वर्षानुवर्षे अर्धवट पडले होते. ते १७७९मध्ये सुरू झाले आणि विदरिंग तेथे वैद्य झाला.

तरीही या टेबलाची थोरवी सांगताना जपून बोलले पाहिजे. १७८७मध्ये वेजवुडने साखळदंडातल्या गुलामाची प्रतिमा असलेले पदक काढले आणि ते गुलामीविरोधी चळवळीचे चिन्ह बनले. त्याच मंडळात सॅम्युअल गॉल्टन हा बंदुकांचा कारखानदारही होता आणि गॉल्टन घराण्याच्या बंदुका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारात जात. एकाच पंगतीला दोघे! एकमेकांची धार्मिक वा राजकीय मते हा आपल्या मंडळाचा विषय नव्हता, असे प्रिस्टलीने पुढे नमूद केले. या संयमामुळेच पंगत इतकी वर्षे टिकली. पण काही प्रश्न टेबलावर न आणण्याची किंमतही असते, आणि ती बहुधा टेबलाबाहेरच्यांनी मोजलेली असते.

बाहेरच्यांना काय दिसत होते? मंडळातील आणि त्यांच्या परिचयातील अनेक जण 'डिसेंटर' होते, म्हणजे प्रस्थापित चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट. कायद्याने त्यांना सरकारी पदे वर्ज्य होती. ही बंदी उठवण्याचे प्रयत्न १७८७, १७८९ आणि १७९० असे तीनदा संसदेत फसले. प्रिस्टली यात आघाडीवर होता. जुन्या भ्रमांच्या इमारतीखाली आपण दाणा दाणा दारू पेरीत आहोत, अशी उपमा त्याने एकदा वापरली आणि विरोधकांनी ती त्याला जन्मभर चिकटवली. 'गनपावडर जो' हे नाव पडले ते त्यावरून.

दुसरीकडे हेच लोक गावातले धनिक होते. विल्यम हटन हा बर्मिंगहॅमचा पहिला इतिहासकार, कागदाचा व्यापारी. तोही १४ जुलैच्या जेवणाला नव्हता. परंतु छोट्या कर्जांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात तो आयुक्त म्हणून बसे, आणि तेथे गरिबांविरुद्ध दिलेले निकाल गरीब विसरले नव्हते. जमावाने त्याचे दुकान लुटले आणि शहराबाहेरचे घर जाळले. रॉयल हॉटेलातल्या त्या पाच शिलिंगांचा अर्थ साध्या मजुराच्या लेखी दोन-तीन दिवसांची कमाई असा होता. ओठांवर घोषणा 'चर्च आणि राजा' ही होती. पण आगीला धर्मद्वेषाचे, कर्जाचे आणि अपमानाचे असे सगळेच सरपण मिळाले. दंडाधिकाऱ्यांनी सुरुवातीला डोळेझाक केली, असा आरोप तेव्हाच झाला आणि तो निराधार म्हणता येत नाही.

त्या जेवणाच्या अध्यक्षस्थानी जेम्स कीर होता, जो डिसेंटर नसून प्रस्थापित चर्चचाच होता. प्रिस्टलीला मित्रांनी आग्रहाने घरी थांबवले होते. रात्री तो पत्नीसह बाहेर पडला. फेअर हिल हे त्याचे घर, तेथली प्रयोगशाळा, ग्रंथालय, वर्षांची टिपणे, सारे नष्ट झाले. दंगल चार दिवस चालली. विदरिंगने घराच्या रक्षणासाठी पैसे देऊन मुष्टियोद्धे आणले. बोल्टन आणि वॉट यांनी सोहोच्या कामगारांच्या हाती शस्त्रे दिली. लष्कराचे घोडेस्वार १७ जुलैला आले, तेव्हा कुठे गोंधळ शमला.

प्रिस्टली बर्मिंगहॅमला राहायला परतला नाही. १७९४मध्ये तो अमेरिकेस गेला आणि तेथेच १८०४मध्ये वारला. सोमवारच्या पंगती पुढेही काही वर्षे भरत राहिल्या, पण मोकळेपणा ओसरला. वेजवुड १७९५मध्ये गेला, डार्विन १८०२मध्ये, बोल्टन १८०९मध्ये. गॉल्टनला त्याच्याच क्वेकर पंथाने बंदुकांच्या धंद्यावरून १७९६मध्ये बहिष्कृत केले. धंदा मात्र त्याने लगेच सोडला नाही.

१८१३मध्ये उरलेल्या सभासदांनी मंडळाच्या मालकीच्या शास्त्रीय पुस्तकांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली ती गॉल्टनची.