आवक-नोंदीतला रिकामा रकाना

प्रयोगशाळेची आवक-नोंदवही आपण साहित्य म्हणून कधी वाचत नाही. अनुक्रमांक, तारीख, रुग्ण, पाठवणारा, नमुन्याचा प्रकार आणि तो कोणत्या स्थितीत पोहोचला, एवढाच तिचा मजकूर. तरीही पुढचा इतिहास पुष्कळदा याच रकान्यांवर उभा राहतो. १९७६ साली बेल्जियममधील अँटवर्प येथे पोहोचलेल्या एका थर्मासची हकिगत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे.

तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) यांबुकू या गावी मिशनरी रुग्णालयाच्या परिसरात एक अनोळखी ताप पसरला होता. तेथील एका आजारी बेल्जियन जोगिणीचे रक्त किन्शासाहून प्रवासी विमानाने अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत आले. पीतज्वराची शंका होती. थर्मास उघडला तेव्हा बर्फ बरेचसे वितळले होते, दोनपैकी एक कुपी फुटून रक्त त्या पाण्यात मिसळले होते आणि सोबतची हस्तलिखित चिठ्ठी भिजली होती. सत्तावीस वर्षांचे पीटर पिओट आणि त्यांचे सहकारी यांच्या हातांत साधे रबरी मोजे होते. याहून वेगळे संरक्षण जवळपास नव्हतेच.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला लांब, अळीसारखा विषाणू १९६७ साली सापडलेल्या मारबुर्ग विषाणूची आठवण करून देणारा होता. नमुने ब्रिटनमधील पोर्टन डाउन आणि अमेरिकेतील अटलांटा येथेही गेले आणि हा विषाणू निराळा आहे, हे सिद्ध झाले. यांबुकूच्या माथी कायमचा कलंक लागू नये, म्हणून गावाऐवजी एका नदीचे नाव त्याला देण्यात आले : इबोला. त्या साथीत झाईरमध्ये ३१८ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील २८० दगावले.

पोर्टन डाउनमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरात एका संशोधकाच्या बोटाला सुई टोचली. तो आजारी पडला, पण वाचला. संसर्गजन्य नमुना आज तिहेरी आवरणात पाठवला जातो : न गळणारी नळी, भोवती द्रव शोषणारे वेष्टन, त्यावर दुसरे बंद पात्र आणि मग बाहेरचा भक्कम खोका. माहितीचा कागद नळीला गुंडाळत नाहीत. तो दुसऱ्या पात्राच्या बाहेर ठेवतात, म्हणजे नळी फुटली तरी अक्षरे वाचता येतात. नळीवरचे नाव आणि कागदावरचे नाव जुळल्याखेरीज नोंद पुरी होत नाही. त्या भिजलेल्या चिठ्ठीची आठवण ठेवून हे नियम वाचले, की त्यांतला रुक्षपणा कमी होतो.

परंतु चिठ्ठी कोरडी राहिली असती, तरी एक रकाना इतिहासाने रिकामाच ठेवला असता. तो म्हणजे नमुना मिळवणाऱ्याचा. झाँ-जाक मुयेंबे हे काँगोलीज विषाणुतज्ज्ञ सरकारच्या सांगण्यावरून यांबुकूला गेले होते. मोज्यांविना, उघड्या हातांनी त्यांनी रुग्णांचे रक्त घेतले. सुई काढल्यावरही जखमेतून रक्त वाहत राहते, हे त्यांच्या लक्षात आले. एका आजारी जोगिणीला त्यांनी किन्शासाला आणले. तिचेच रक्त पुढे अँटवर्पला गेले. तरीही कित्येक वर्षे इबोलाच्या शोधाची कथा थर्मास उघडण्यापासूनच सुरू होत राहिली.

यामागे कुणाचे कपट असेलच असे नाही. कथा जिथे लिहिली जाते, तिथूनच ती सुरू होते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने नमुन्याचे आयुष्य नोंदवहीत आवक पडल्या क्षणापासून मोजले जाते. त्यापूर्वीचा रस्ता, ती खाट आणि ते उघडे हात यांना अनुक्रमांक नसतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. ओवी गाणारीचे नाव हरवते आणि संकलकाचे छापले जाते, हे आपण पाहिलेच आहे.

पूर्व काँगोत २०१८ साली सुरू झालेल्या साथीच्या वेळी मुयेंबे किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्या साथीतील रक्ताचे नमुने देशातच राहतील, असे त्यांनी २०१९ मध्ये ठरवले. ज्यांना अभ्यास करायचा आहे, त्यांनी काँगोत यावे. नमुना कुठे नोंदवला जातो, यावर त्याचा इतिहास कोण लिहिणार हे ठरते, हे त्यांना त्रेचाळीस वर्षांच्या अनुभवाने कळले होते.