पेठ, लोहार आणि मोटारीचा सुटा भाग

इतिहास म्हटला की तो गडांचा, तहांचा आणि राजघराण्यांचाच असावयाचा, ही समजूत आता पुष्कळ सैल झाली आहे. नाण्यांचा, पिकांचा, रस्त्यांचा, किंबहुना पोशाखाचाही इतिहास आज आदराने वाचला जातो. तथापि यंत्राचा सुटा भाग हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. याचे कारण उघड आहे. यंत्र सुरळीत चालत असते तोवर त्याचे अवयव आपल्या नजरेस पडत नाहीत. एखादा मोडला म्हणजेच त्याचे नाव आपणांस कळते, आणि तो मिळेनासा झाला म्हणजे त्याची किंमत कळते.

हा विषय आम्ही मावळातील तिकोणा पेठ या गावापासून मांडू इच्छितो. पवनेच्या खोऱ्यात, तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत लोहगड, विसापूर व तुंग यांच्या जोडीने तिकोणाही होता. पेठ म्हणजे बाजार. गडावरच्या शिबंदीस लागणारा जिन्नस गडाखाली मिळावा म्हणून अशा पेठा वसत. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे, त्या गावी आज एखाद्या शेतकऱ्याचे पिकअप मोडून पडले तर त्याचा भाग कोठून येतो, या साध्या प्रश्नात गेल्या शंभर वर्षांचा आपला औद्योगिक इतिहास साठविलेला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. बलुतेदारीच्या गावगाड्यात सुटा भाग ही वस्तूच नव्हती. नांगराचा फाळ झिजला की लोहार तो भात्यावर तापवून ऐरणीवर शेवटून देई; गाडीचे चाक खिळखिळे झाले की सुतार नवी आरी त्याच चाकाच्या मापाने तासून बसवी. एका गाडीची आरी दुसरीस बसत नसे, आणि बसावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. वस्तू ज्याने केली तोच, किंवा त्याचाच मुलगा, ती दुरुस्त करी. त्याची मजुरी खळ्यावरच्या धान्यात मिळे. या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. तीत जातीची बेडी होती, आणि बलुते वाढवून मागणाऱ्या कारागिराचे काय होई हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट खरी की, मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याची विद्या त्या वस्तूच्या शेजारीच राहत असे.

यंत्रयुगाने नेमकी हीच जवळीक तोडली, आणि तिच्या बदल्यात एक विलक्षण देणगी दिली. ती म्हणजे अदलाबदलीचा भाग. एकाच नमुन्याचे हजार भाग इतके तंतोतंत करावयाचे की त्यांतील कोणताही उचलून कोणत्याही यंत्रात बसवावा. मात्र त्यासाठी सर्वांचे माप एक असावे लागते, आणि जग एका मापावर सहजासहजी येत नाही. बोल्टाच्या आट्यांचेच उदाहरण घ्या. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडात आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचे निराळे प्रमाण मांडले. इंग्लिश पद्धतीच्या अर्धा इंची बोल्टावर इंचास १२ आटे, तर अमेरिकी बोल्टावर १३. डोळ्यांस हा भेद जाणवत नाही. नट एकदोन वेढे फिरतो आणि अडतो. जोर केला तर आटेच जातात. दोन बड्या राष्ट्रांतील हा एका आट्याचा बेबनाव दुसऱ्या महायुद्धात भलताच महाग पडला, तेव्हा कोठे १९४८ मध्ये अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनी एक सामायिक प्रमाण मान्य केले. पुढे आपण १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. परिणामी आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे तीन संच असत: इंग्लिश गाडीचा एक, अमेरिकी गाडीचा दुसरा आणि मिलिमीटरचा तिसरा. त्या पेटीत आपल्या देशाच्या परावलंबनाची सारी वंशावळ होती म्हणावयास हरकत नाही.

मालमोटारी आपल्या प्रांतात आल्या त्या मुंबईच्या बंदरातून. फोर्ड कंपनीची हिंदी शाखा १९२६ मध्ये निघाली. ती कॅनडातील फोर्ड कंपनीची अपत्य होती, कारण साम्राज्यातील देशांचा माल सवलतीच्या जकातीने येई. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे कारखाना काढला. कारखाना हा शब्द येथे जपून घ्यावयाचा. खोक्यांतून आलेले भाग जोडून गाडी उभी करणे एवढेच तेथील काम होते. भाग घडत होते ते समुद्रापलीकडे. शांततेच्या काळात या व्यवस्थेतील वैगुण्य कोणास जाणवले नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटले, जहाजे लष्कराच्या कामी लागली आणि ते एकाएकी उघडे पडले. पेट्रोलची मापबंदी आली. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवून लोकांनी वेळ मारून नेली. परंतु कोळशाने पेट्रोलची उणीव भरून निघते, तशी ती मोडलेल्या दंतचक्राची भरून निघत नाही. तेथे एकच उपाय उरे: एक गाडी मारून दुसरी जगवावयाची.

या परावलंबनाचे सर्वांत बोलके चित्र राज्य परिवहनाच्या आरंभकाळात दिसते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पहिली एस. टी. धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. आज आपण एस. टी. म्हटले की एकच एक रूप डोळ्यांपुढे आणतो. आरंभी मात्र शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कोमर आणि फियाट अशा नाना घराण्यांच्या गाड्या तिच्या ताफ्यात होत्या. प्रत्येकीचे आटे, दाते व बेअरिंगे वेगळी. दहा बनावटींच्या गाड्या चालविणे म्हणजे दहा कोठारे सांभाळणे, आणि तरीही नेमका हवा तो भाग अकराव्या कोठारात असावयाचा! पुढे दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या, बनावटी कमी होत होत लेलँड आणि टाटा या दोनांवर मुख्य भिस्त आली, तेव्हा कोठे खेड्यापाड्यांतील फेरी भरवशाची झाली. प्रवाशांस सोय दिसली ती गाडीची. तिचा पाया होता एकसारख्या सुट्या भागाचा.

गाड्या येथेच घडल्या पाहिजेत हे ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत विश्वेश्वरय्या आणि वालचंद हिराचंद ही नावे अग्रभागी आहेत. परकी सरकारने युद्धाचे निमित्त सांगून या उद्योगास हात दिला नाही. तरी वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वतंत्र सरकारने १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात बंद केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, ज्यांस येथे भाग घडविण्याची योजना नाही त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा गुंडाळावा. तेव्हा शिवडीचा कारखाना बंद झाला. फोर्डनेही आवरते घेतले. राष्ट्राच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. पण ज्यांच्या दारी शेव्हरोले अथवा फोर्ड उभी होती त्यांच्या गाड्या एका दिवसात पोरक्या झाल्या. पोरकी गाडी ही गोष्ट आपल्या इतिहासात तेव्हाच प्रथम घडली, आणि पुढे पुन्हा पुन्हा घडत राहिली.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांस आज परवान्यांचे राज्य म्हणून नावे ठेवण्याची चाल आहे. नावे ठेवण्याजोगे त्यात पुष्कळ होतेही: गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि मिळे ती जुन्या नमुन्याची. पण या नाण्याची दुसरी बाजू आमच्या वाचकांनी अवश्य पाहावी. नमुना बदलत नसे म्हणून भागही बदलत नसे. १९६४ ची फियाट ११०० डी पुढे पद्मिनी या नावाने २००० पर्यंत निघत राहिली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपोची तीनचाकी हॅन्सिट तिच्या जर्मन माहेरी बंद पडल्यावरही येथे दीर्घकाळ घडत होती. त्या कंपनीचे नाव आपल्या भाषेत इतके मुरले की माल वाहणाऱ्या कोणत्याही लहान गाडीस आपण टेंपो म्हणू लागलो. जीपचीही तीच कथा. या गाड्यांचा भाग कामशेत, तळेगाव वा लोणावळ्याच्या दुकानात सापडे, आणि न सापडला तर लेथवाला कातून देई. मधल्या काळात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखान्यांची रांग लागली. १९६१ मध्ये निघालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्याने मुंढव्यास पोलाद ठोकून मोटारींचे अवयव घडविण्यास आरंभ केला. लोहाराची ऐरण जणू मोठी होऊन पुण्याच्या वेशीवर येऊन बसली.

आता आजची स्थिती पाहावी. १९८८ मध्ये टाटामोबाईल हे पिकअप पुण्याच्या कारखान्यातून निघाले. त्यानंतर अनेकांची पिकअपे आली, आणि मावळातील भात, दूध व भाजी बाजारात जाण्याचे तेच साधन झाले. गाड्या उदंड झाल्या, नमुनेही उदंड झाले, आणि प्रत्येक नमुन्याचे आयुष्य आखूड झाले. समजा, तिकोणा पेठेत भात झोडून पोती भरली आहेत आणि जुन्या पिकअपच्या मागच्या आसातील क्राउन-पिनियनचा दाता चढावर तुटला. इंजिनाची फिरत चाकांकडे वळविणारी ही दंतचक्रांची जोडी असते. तिचे वक्र दाते खास यंत्रावर कापतात, आणि दोन्ही चक्रे एकमेकांवर घासून जुळवितात. म्हणून एक तुटले तरी जोडीच बदलावी लागते. दात्यांची संख्या नमुन्यागणिक निराळी, त्यामुळे दुसऱ्या गाडीची जोडी चालत नाही. बुश, पिन, पट्टी गावचा फिटर करून देईल. येथे मात्र त्याचे हात टेकतात. मग पवनानगर, कामशेत, पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, शेवटी कुर्ल्याचे भंगार, अशी यात्रा सुरू होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धूरनियम लागू झाले. हवेसाठी ते आवश्यकच होते. पण त्यांच्याबरोबर इंजिनाच्या पोटात संवेदक आणि संगणकी पेट्या आल्या, आणि त्या तर कोणत्याही लेथवर कातता येत नाहीत.

या यात्रेत एक विसंगती आहे. पवना धरणाचे पाणी नदीत सोडले जाते, रावेतजवळ उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवड नगरी ते पिते. म्हणजे तिकोण्याच्या पायथ्याचे पाणी त्या कारखान्यांच्या नगरीपर्यंत नित्य पोहोचते. तेथे घडणाऱ्या गाडीचा एक अवयव मात्र दहा-पंधरा वर्षांनंतर उलट वाटेने तिकोण्यापर्यंत येऊ शकत नाही. दोष अंतराचा नव्हे. भाग किती काळ पुरवावयाचा याचे बंधन नसण्याचा आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारी व शेतीची अवजारे दोन्ही घेतली, हे सुचिन्ह आहे. परंतु माहिती प्रसिद्ध करण्याने काम भागणार नाही. नमुना बंद करताना त्याचे भाग ठराविक वर्षे पुरविण्याची, आणि ती मुदत सरल्यावर त्या भागांची मापे व आकृत्या खुल्या करण्याची जबाबदारी उत्पादकावर असावी. मग चाकण-भोसरीचा एखादा लहान कारखानदारही ती जोडी करून देऊ शकेल. असे करण्याइतकी विद्या आणि यंत्रे आज पुणे जिल्ह्यात खचित आहेत; १९५३ मध्ये ती नव्हती, हाच काय तो दोन काळांतील भेद.

गाडी कोठे जोडली यावरून ती स्वदेशी ठरत नाही. तिचा मोडलेला भाग कोठे व कोणास करता येतो यावरून ती ठरते. वालचंदांच्या पिढीने या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले, आणि भाग घडविण्याची विद्या समुद्रापलीकडून पुण्यापर्यंत आणली. उरलेले अंतर तिकोणा पेठेपर्यंतचे आहे. मैलांनी मोजले तर ते फार नाही. पण भाताची पोती अंगणात आणि पिकअप झाडाखाली अशी ज्याची अवस्था होते, त्याला ते समुद्राइतकेच रुंद वाटत असेल, तर त्यात नवल नाही.