सिझेरियननंतरची प्रसूती

सिझेरियननंतरची प्रसूती : उदर व गर्भाशय छेदून पूर्वी मूल बाहेर काढलेल्या स्त्रीची पुढील प्रसूती. ठरविलेल्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रिया करणे किंवा कळा येऊ देऊन योनिमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करणे, असे दोन मार्ग अशा वेळी असतात. त्यांपैकी एकाची निवड कोणी व कशाच्या आधारे करावयाची, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

जर्मन वैद्य माक्स झेंगर यांनी १८८२ मध्ये गर्भाशयाचा छेद शिवण्याची पद्धती मांडली. तीमुळे शस्त्रक्रियेनंतर माता जगण्याची व पुन्हा गर्भवती होण्याची शक्यता वाढली. तथापि छेद गर्भाशयाच्या वरच्या, आकुंचन पावणाऱ्या भागावर उभा घेतला जाई आणि पुढील कळांच्या वेळी व्रण फाटण्याचे भय असे. एकदा सिझेरियन झाले की पुढेही तेच, या अर्थाचे सूत्र न्यूयॉर्क येथील एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये सांगितले. पहिली शस्त्रक्रियाच विनाकारण करू नये, असा त्यांचा रोख होता. पुढे मात्र ते सरसकट नियम म्हणून वापरले गेले. मन्रो कर यांच्या पुरस्कारामुळे १९२० नंतर खालच्या भागावरील आडवा छेद हळूहळू रूढ झाला व सूत्रामागील मूळ कारण बरेचसे दुर्बल झाले.

अमेरिकेतील १९८० च्या विचारविनिमय परिषदेने योनिमार्गे प्रयत्न निवडक स्त्रियांसाठी ग्राह्य मानला. तेथे अशा प्रसूतींचे प्रमाण १९९६ मध्ये सु. २८ टक्क्यांपर्यंत गेले. परंतु व्रण फाटल्याच्या घटना, न्यायालयीन दावे आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सिद्धता हवी ही १९९९ ची अट यांमुळे ते २००६ पर्यंत १० टक्क्यांखाली आले.

एक आडवा छेद असल्यास व्रण फाटण्याचा धोका सु. २०० त १ असतो, चारांपैकी सु. तीन प्रयत्न यशस्वी होतात. धोका क्वचित असला, तरी तो ओढवल्यास माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकते. उलट प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेबरोबर वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा व तीव्र रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. म्हणून किती अपत्ये हवी आहेत, हाही निर्णयाचा भाग ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २०१५–१६ मध्ये २०.१ टक्के व २०१९–२१ मध्ये २५.४ टक्के होते. परिणामी हा निर्णय घ्यावा लागणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढत आहे. ठाण्यातील बाळकुमसारख्या, जुने गावठाण व नवी गृहसंकुले शेजारी असलेल्या वस्तीत हा प्रश्न प्रत्यक्ष अंतराचाही असतो. प्रयत्नासाठी अहोरात्र भूलतज्ज्ञ, रक्तपुरवठा व शस्त्रक्रियागृह लागते. लहान खाजगी प्रसूतिगृहांना ही सिद्धता ठेवणे अवघड जाते. महापालिकेचे कळवे येथील मोठे रुग्णालय खाडीपलीकडे आहे. त्यामुळे स्त्रीची इच्छा, पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि जवळ उपलब्ध सोय यांची सांगड घालावी लागते. पहिला छेद आडवा होता की उभा, हे दर्शविणारा कागद जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात, उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजावून घेतलेली संमतीच वैध ठरते, असे स्पष्ट केले. या कसोटीनुसार केवळ जुन्या सूत्राच्या आधारे केलेली शस्त्रक्रिया स्त्रीची निवड ठरत नाही. तसेच धोका न सांगता दिलेले योनिमार्गे प्रसूतीचे आश्वासनही निवड ठरत नाही.