कोल्हापूरचा रॉबर्ट आणि माउंट हर्मनची उन्हाळी छावणी

जुलै १८८६. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, कनेटिकट नदीच्या काठी असलेल्या माउंट हर्मन शाळेच्या आवारात ८० हून अधिक महाविद्यालयांतले २५१ विद्यार्थी जमले होते. सकाळी व्याख्याने आणि बायबलचा अभ्यास, दुपारी खेळ आणि नदीत पोहणे, संध्याकाळी पुन्हा सभा. मुक्काम जवळजवळ महिनाभराचा. या छावणीतून जगभर पसरलेली एक चळवळ निघाली, आणि तिची ठिणगी टाकणारा बावीस वर्षांचा तरुण जन्माने कोल्हापूरचा होता.

रॉबर्ट पार्मली वाइल्डर. जन्म २ ऑगस्ट १८६३, कोल्हापूर. हा थ्रेड त्याचा, त्याच्या घरातल्या माणसांचा आणि त्या घरी पोहोचलेल्या एका पत्राचाही.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते, कारण मुलाच्या वाट्याला आलेला प्रश्न मुळात वडिलांचा होता. रॉयल गोल्ड वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचे पहिले लोक १८१३ मध्येच मुंबईत उतरले होते आणि अहमदनगर हे तिच्या मराठी कामाचे मोठे केंद्र झाले होते. वाइल्डर दांपत्याने पहिली काही वर्षे नगरला काढली आणि १८५२ मध्ये कोल्हापूर गाठले. नगर आणि कोल्हापूर यांच्यामध्ये भीमा आणि नीरा, या दोन नद्यांमधला बारामती, इंदापूर, पळसदेवचा अवर्षणाचा मुलूख, आणि त्यापुढे कृष्णेचे खोरे. प्रवासी रेल्वे अजून सुरूही झालेली नव्हती. नगरचे मिशन पाठीशी असले, तरी कोल्हापुरात या कुटुंबाला सगळे नव्याने उभे करायचे होते.

कोल्हापुरात रॉयल वाइल्डरांनी भर दिला तो शाळांवर, आणि तिथेच त्यांचे आपल्या वरिष्ठांशी बिनसले. बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मिशनऱ्याचे काम उपदेश करणे आणि स्थानिक चर्च उभे करणे. शाळांवर, त्यातही इंग्रजी शाळांवर पैसा खर्च करणे हे मूळ उद्दिष्टापासून दूर जाणे, असे अँडरसन यांचे मत होते. त्यांच्या दौऱ्यानंतर अनेक ठिकाणच्या शाळांना कात्री लागली. वाइल्डर यांनी हे मान्य केले नाही. वाद इतका चिघळला की बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. १८६१ मध्ये त्यांनी मिशनच्या शाळांची बाजू मांडणारे पुस्तकच प्रसिद्ध केले आणि कोणत्याही संस्थेचा आधार नसताना, देणग्यांच्या बळावर, ते कोल्हापुरात परत आले. रॉबर्टचा जन्म या एकाकी वर्षांतला. पुढे १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतले.

आजच्या वाचकाला हा वाद संस्थेच्या कारभाराचा वाटेल. पण दुसऱ्याच्या देशात सेवेसाठी गेलेल्या माणसाने तिथल्या लोकांना काय द्यायचे, त्यांना हवे ते की आपल्याला द्यावेसे वाटते ते, हाच त्याचा गाभा होता. कोल्हापूरच्या पालकांना शाळा हवी होती. बॉस्टनच्या कचेरीला धर्मांतरे हवी होती. वाइल्डर यांना दोन्ही हवे होते, आणि हे दोन्ही एकत्र राहू शकते अशी त्यांची खात्री होती. ती किती खरी होती, हे पुढे एका पत्राने दाखवून दिले.

प्रकृती ढासळल्यामुळे १८७५ च्या सुमारास कुटुंब अमेरिकेला परतले आणि प्रिन्स्टनला स्थायिक झाले. तिथून रॉयल वाइल्डर ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवू लागले. कोल्हापुरातल्या मिशनऱ्यामार्फत तिथल्या टपाल खात्यातल्या एका नोकरदाराचे पत्र त्यांच्याकडे आले. पत्नीला शिकवायचे आहे, त्यासाठी अमेरिकेत येण्याची इच्छा आहे, तिथे काही सोय होईल का, अशी त्यात विचारणा होती. पत्र लिहिणारे होते गोपाळराव जोशी, आणि त्यांची पत्नी म्हणजे आनंदीबाई.

वाइल्डर यांनी हे पत्र १८७९ च्या आरंभी आपल्या नियतकालिकात छापले, सोबत स्वतःचे उत्तरही. उत्तराचा आशय असा की या दांपत्याने आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. शाळांसाठी आपल्या संस्थेशी भांडलेला हा माणूस एका मराठी मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न समोर आला तेव्हा मात्र अट घालून बसला. त्यांना क्रूर ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या श्रद्धेच्या चौकटीत ते सुसंगतच वागले. पण ती चौकट किती अरुंद होती, हेही तितकेच स्पष्ट दिसते.

पुढची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो जुना अंक चाळला, पत्र वाचले, आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांनी कसलीही अट घातली नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या सभेत, हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी जाहीर केले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

नेमक्या त्याच वर्षी, रोझेलपासून फार लांब नसलेल्या प्रिन्स्टनमध्ये, वाइल्डर यांच्या घरात रविवारी विद्यार्थ्यांची बैठक भरू लागली. रॉबर्ट तेव्हा महाविद्यालयात होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक मंडळ स्थापले आणि एक छोटी प्रतिज्ञा तयार केली: ईश्वराची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी होण्यास आम्ही तयार आहोत, उत्सुक आहोत. थोरली बहीण ग्रेस हिचा या सगळ्यात मोठा वाटा होता. माउंट होल्योक या मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयातून ती नुकतीच शिकून आली होती. बैठक चालू असताना शेजारच्या खोलीत ती प्रार्थना करीत बसे, असे सांगतात. चळवळीच्या इतिहासात तिच्या वाट्याला बहुतेक वेळा ही शेजारची खोलीच आली आहे.

प्रतिज्ञेतला ‘परदेशी’ हा शब्द क्षणभर थांबून पाहावा असा आहे. सह्या करणाऱ्या इतर मुलांसाठी हिंदुस्थान हा नकाशावरचा दूरचा देश होता. रॉबर्टसाठी तो बालपणीचा प्रांत होता.

आता पुन्हा माउंट हर्मनकडे. अमेरिकेत उन्हाळी छावण्यांची कल्पना तेव्हा अगदी ताजी होती. तरुणांसाठी काम करणाऱ्या वायएमसीएच्या सम्नर डडली यांनी १८८५ मध्ये सात मुलांना न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज तळ्याकाठी तंबूत नेले. आजही चालू असलेल्या कॅम्प डडलीची ती सुरुवात. वायएमसीएच्या महाविद्यालयीन शाखेचे चिटणीस ल्यूथर विशार्ड यांनी तीच हवा विद्यार्थ्यांसाठी वापरायचे ठरवले आणि प्रसिद्ध धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांना गळ घातली. रॉबर्टचे शिक्षण नुकतेच संपले होते. विशार्ड यांनी आग्रहाने त्यालाही बोलावले. निघताना ग्रेसने त्याला सांगितले की या छावणीतून शंभर जण पुढे येतील.

छावणीच्या कार्यक्रमात परदेशी मिशनचा विषय नव्हताच. आरंभी तशी इच्छा असलेले विद्यार्थी जेमतेम वीसएक निघाले. रॉबर्टने त्यांना एकत्र केले. ते झाडांखाली, खोल्यांमध्ये, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर एकेकाला गाठून बोलू लागले. मग त्याने आर्थर पिअरसन यांना या विषयावर खास भाषण देण्याची विनंती केली. काही दिवसांनी आणखी एक सभा झाली, ‘दहा राष्ट्रांची सभा’ म्हणून ती ओळखली जाते. वेगवेगळ्या देशांशी नाते असलेल्या दहा तरुणांनी प्रत्येकी काही मिनिटे बोलून आपल्या देशाची गरज मांडली, आणि ईश्वर प्रेमस्वरूप आहे एवढे एक वाक्य आपापल्या भाषेत म्हटले. व्याख्यानांनी जे साधले नाही, ते या साध्या सभेने साधले. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत सह्या ९९ झाल्या होत्या. प्रार्थना चालू असताना आणखी एक जण आत येऊन गुडघे टेकून बसला.

या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट होता. पुढे साठ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गंमत अशी की परदेशी मिशनरी होण्याची शपथ घेतलेला मॉट कोणत्याही एका परदेशात स्थायिक झालाच नाही. तो जगभर फिरून इतरांना पाठवीत राहिला.

शंभर मुले सापडली, पण देशभरातल्या महाविद्यालयांत जाऊन बोलणार कोण? रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा जॉन फोरमन यांच्यावर हे काम आले. रॉबर्टसमोर पेच होता. वडील खंगत चालले होते, नियतकालिकाच्या कामात त्यांना मुलाची गरज होती. रॉयल वाइल्डर यांनी मुलाला जायला सांगितले. १८८६-८७ च्या त्या वर्षात दोघांनी दीडशेहून अधिक संस्था पालथ्या घातल्या आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्यांत शेकडो तरुणी होत्या. ऑक्टोबर १८८७ मध्ये वडील वारले. पुन्हा कोल्हापूरला जायची त्यांची तयारी चालू होती. डिसेंबर १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ रीतसर स्थापन झाली. पुढच्या अर्धशतकात तिच्या माध्यमातून सुमारे वीस हजार तरुण-तरुणी जगभर गेले.

सह्या आणि प्रत्यक्ष प्रवास यांत मोठे अंतर होते, हेही नोंदवायला हवे. उत्साहाच्या भरात नाव दिलेले अनेक जण कधीच बोटीवर चढले नाहीत.

एलायझा आणि ग्रेस मात्र लवकरच कोल्हापूरकडे परतल्या आणि अखेरपर्यंत त्याच भागात राहिल्या. आईने तेव्हा साठी ओलांडली होती किंवा गाठत आणली होती. याच वर्षांत, १८८९ मध्ये, रॉयल वाइल्डर यांनी पाया घातलेल्या मिशनच्या प्रदेशात विल्यम वानलेस हा कॅनेडियन डॉक्टर आला. मिरजेचे रुग्णालय आणि वानलेसवाडी ही नावे आजही परिचित आहेत. शाळा की उपदेश, या जुन्या भांडणाला तिथे वैद्यकाने परस्पर उत्तर दिले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर अट घालता येत नाही.

रॉबर्ट स्वतः १८९२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. वाटेत ब्रिटिश विद्यापीठांत भाषणे करून त्याने तिथेही अशीच संघटना उभी राहायला मदत केली होती, आणि नॉर्वेच्या हेलेने ओल्सन हिच्याशी त्याचे लग्न झाले होते. खेड्यात राहण्याऐवजी त्याने कलकत्ता आणि पुणे येथील इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांमध्ये काम करायचे ठरवले.

पण पुणे आता बदलले होते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात धर्मांतराचा आरोप गाजला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी संस्थेतून अंग काढून घेतले. फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी पुस्तके हवी होती, चर्चा हवी होती, कदाचित ख्रिस्ताचे चरित्रही वाचायचे होते. पण परदेशी मित्राच्या मैत्रीमागे अट आहे का, हा संशय आता प्रत्येक चहाच्या कपात होता. तो निराधार नव्हता, हे गोपाळरावांच्या पत्राला मिळालेल्या उत्तरावरून दिसतेच. रॉबर्टची प्रकृतीही साथ देईना. १९०२ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला तो कायमचा.

चळवळीचा दुसरा चेहरा मैदानांवर दिसतो. बास्केटबॉल १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये अमेरिकेतल्या वायएमसीए वर्तुळातच जन्मले, आणि त्याच संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांनी ते इथल्या शाळा-महाविद्यालयांत रुजवले. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या आरंभीच्या काळात दोराबजी टाटांसोबत चिटणीस म्हणून ए. जी. नोहरेन होते, तेही वायएमसीएचे. धर्मांतराच्या आकड्यांत हे काम कुठेच मोजले गेले नाही.

१९१० मध्ये एडिनबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. अध्यक्षस्थानी माउंट हर्मनच्या शंभरांतला जॉन मॉट. तिथे वेदनायगम सॅम्युएल अझरिया या तमिळ ख्रिस्ती तरुणाने उभे राहून सांगितले की परदेशी लोकांनी खूप दिले, स्वतःला झिजवले. पण आम्हाला त्यांची मैत्री हवी आहे, तीच मिळत नाही. सभागृहात अस्वस्थता पसरली. अझरिया स्वतः वायएमसीएच्या कामातून आलेला, म्हणजे याच चळवळीच्या अंगणात वाढलेला होता.

रॉबर्ट वाइल्डर १९१९ ते १९२७ या काळात अमेरिकेत चळवळीचा सरचिटणीस होता. मग काही वर्षे कैरोत राहिला. १९३८ मध्ये ऑस्लो येथे त्याचे निधन झाले.

ज्या वर्षी माउंट हर्मनला शंभर सह्या झाल्या, त्याच १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंची नेमणूक ठरली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागात. त्या वर्षअखेर त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, कोल्हापूरला रुजू होण्याआधीच. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवलेल्या आहेत.