तुणतुणं आणि डबल बास

एखाद्याने तोच मुद्दा चौथ्यांदा मांडला की आपण म्हणतो, ‘झालं याचं तुणतुणं सुरू.’ हा वाक्प्रचार मीही ऑफिसच्या मीटिंगांमध्ये कितीदा तरी वापरला आहे. माझे आजोबा तमाशाच्या फडात तुणतुणं वाजवायचे, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. तेही डबल बासमुळे.

मी जळगावात राहतो, घरून काम करतो आणि कोड लिहितो. कॉलेजात बास गिटार वाजवायचो. तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका निवृत्त वादकाकडून जुना डबल बास विकत घेतला. माणसाहून उंच असं ते धूड टेम्पोतून गादीत गुंडाळून आलं, तेव्हा शेजारचे काका गंभीर चेहऱ्याने चौकशीला आले होते. खानदेशचा उन्हाळा लाकडाला सोसत नाही, पारा पंचेचाळिशीला टेकला की सांधे उकलतात. म्हणून कूलरच्या खोलीत पहिला मान बासचा, दुसरा आजीचा आणि तिसरा माझा.

मला शिकायचं होतं ‘स्लॅप’. सरळ वाजवताना बोटाने तार छेडतात. स्लॅपमध्ये तारेखाली बोटं अडकवून ती पट्टीपासून दूर ओढायची आणि सोडून द्यायची. तार परत येऊन पट्टीवर आपटते, त्यामुळे सूर आणि ‘टक्’ असा आघात एकदमच निघतात. मग दोन सुरांच्या मधल्या जागेत पंजा उघडा करून तारांवर मारायचा, म्हणजे ‘थप्’. टक्-थप्, टक्-थप्. मध्ये दोन थपा बसवल्या की घोडा दौडल्यासारखी चाल होते. एकच माणूस एकाच वाद्यावर सूरही धरतो आणि तालही. पूर्वी बासला तात असायची, म्हणजे जनावराच्या आतड्याची तार. ती जाड, ढिली आणि बोटांना मऊ. माझ्या बासला पोलादी तारा आहेत. पहिल्या महिन्यात दोन बोटांना फोड आले आणि मी चिकटपट्टी लावून कीबोर्ड बडवत होतो.

ही पद्धत निघाली अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्सच्या वादकांमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बिल जॉन्सन नावाच्या वादकाची एक दंतकथा आहे. १९११ च्या सुमारास श्रीव्हपोर्ट गावी कार्यक्रम चालू असताना त्याचा गज मोडला, म्हणून त्याने हाताने तारा ओढायला सुरुवात केली आणि लोकांना ते इतकं आवडलं की त्याने गज पुन्हा धरलाच नाही. दंतकथा म्हणूनच ती ऐकायची, कारण बोटाने तार छेडणं त्याआधीही होतंच. खरं कारण अधिक साधं असावं. नाचघर भरलेलं, समोर कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन गर्जताहेत, विजेचा ॲम्प्लिफायर नाही. बासचा खर्जातला सूर त्या गोंगाटात विरघळून जातो, ‘टक्’ मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

ध्वनिमुद्रणाचंही तसंच. १९२५ पर्यंत कर्ण्यासमोर बसून रेकॉर्ड करत. त्या कर्ण्याला खर्ज नीट पकडता येत नसे, त्यामुळे बासच्या जागी बरेचदा ट्यूबा वाजे. विजेचा मायक्रोफोन आला आणि बास तबकडीवर नीट उमटू लागला. १९२७ मध्ये वेलमन ब्रॉड ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आला. १९२८ मध्ये जॉनी डॉड्सच्या एका रेकॉर्डवर बिल जॉन्सनला ऐकता येतं. पॉप्स फॉस्टर १९२९ मध्ये लुईस रसेलबरोबर वाजवत होता. पुढे मिल्ट हिंटनने कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात १९३९ मध्ये अख्खं एक गाणं बासला नायक करून वाजवलं.

लगेचच फॅशन बदलली. जिमी ब्लँटनने दाखवून दिलं की बासवर शिंगवाद्यासारखी गाती चाल वाजवता येते, आणि जॅझमध्ये स्लॅप जुनाट, थोडा गावंढळ ठरला. तो टिकला गावाकडच्या संगीतात. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्लीचं पहिलं गाजलेलं गाणं मुद्रित झालं, तेव्हा खोलीत वादक तीनच होते. एल्व्हिस आणि स्कॉटी मूर यांच्या दोन गिटारी आणि बिल ब्लॅकचा बास. ड्रम नव्हताच. त्या गाण्यात पाय ज्यावर हलतो, तो बिल ब्लॅकचा पंजा आहे.

आपल्याकडे हे वाद्य आलं ते हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांना ऐकून शिकणाऱ्यांत गोव्याची तरुण मुलं होती. चर्चशी जोडलेल्या शाळांत लहानपणापासून नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकलेली. हॉटेलातली रात्रपाळी संपवून त्यांतले अनेक सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी या वादकांना मनमोकळी जागा दिली. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये भगवानदादांबरोबर ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. ‘आशा’ (१९५७) मधलं ‘ईना मीना डीका’ तर नव्याने उसळलेल्या रॉक अँड रोलला दिलेलं मराठी माणसाचं उत्तरच. पण तबकडीच्या लेबलवर नाव गायकाचं आणि संगीतकाराचं. मागे उभा राहून खर्ज धरणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळत. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये या वादकांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘पडद्यामागे’ अशा अर्थाचं आहे.

एवढा इतिहास मी वाचून काढला तरी माझा हात काही सुधारेना. संथ लयीत ठीक, वेग वाढवला की थप पुढे पळायची. एका दुपारी असाच घासत बसलो असताना कूलरसमोरून आजी म्हणाली, ‘‘हाई ते तुणतुणंच शे. तुना आजला असंच वाजाडे.’’

घरात क्षणभर कुणी बोललं नाही. वडिलांनी पेपरची घडी केली आणि ते आत निघून गेले. आजोबा शेतमजूर होते, एवढंच मला माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवरही तेच लिहिलेलं. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावातून ते दिवाळीनंतर फडाबरोबर निघायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे, हे आजीने त्या संध्याकाळी सांगितलं. वडील धुळ्याला वसतिगृहात राहून शिकले. ‘तमाशावाल्याचा पोरगा’ हे शब्द त्यांनी तिथे किती ऐकले असतील, याचा हिशेब मी आजवर केलाच नव्हता.

तुणतुण्याची रचना अगदी साधी. एक पोकळ नळकांडं, तळाला चामडं, बाजूला काठी, काठीला खुंटी. चामड्यातून निघालेली एकच तार खुंटीला ताणलेली. लहानशा लाकडी तुकड्याने ती छेडली की चामडंही घुमतं. म्हणजे प्रत्येक आघातात सूर आणि ठोका एकत्र. पोवाड्यात शाहिराच्या हाती डफ असतो आणि मागे उभा असलेला झीलकरी तुणतुणं वाजवत झील ओढतो. तमाशात हेच काम सुरत्याचं. गोंधळातही संबळाच्या जोडीला तुणतुणं असतंच.

इथे माझ्यातला इंजिनिअर मला आवरतो. मिसिसिपी आणि तापी यांच्यात कुठलीही वाट नाही. तुणतुण्याचा बासवर परिणाम झाला नाही, बासचा तुणतुण्यावर तर नाहीच. शिवाय तमाशात ढोलकी असतेच, त्यामुळे ‘ड्रम नव्हता म्हणून तार बडवली’ हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. साम्य आहे ते गरजेचं. उघड्यावर, गोंगाटात, यंत्राच्या मदतीशिवाय सूर आणि लय दोन्ही शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची आहेत. एकाच अडचणीवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या माणसांनी शोधलेलं एकाच जातीचं उत्तर.

फरक आहे तो नंतरचा. हिंटन २००० साली वारला तेव्हा त्याने स्वतः काढलेले साठेक हजार फोटो मागे होते. बस, स्टेशन, ड्रेसिंग रूम, झोपलेले सोबती. म्हातारपणी तो तरुणांना स्लॅप शिकवत होता. अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांना ज्या हॉटेलात वाजवायचं तिथे राहता येत नसे, हेही त्याच्या फोटोंमधून कळतं. अपमान त्यांच्याही वाट्याला आला, पण त्याची नोंद झाली. आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे, रेशनकार्डाचा.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी धुळ्याला गेलो. आजोबांबरोबर फडात असलेले एक झीलकरी तिथे मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तुणतुणं केव्हाच गेलं होतं. मी मोबाइलवर त्यांना बिल ब्लॅक ऐकवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, हा घाई करत नाही. मग मला मांडीवर ठोका धरायला लावला. ते मध्येच ढोलकीचे बोल म्हणायचे, आडवेतिडवे, मुद्दाम चुकवणारे. मी दर वेळी त्यांच्यामागे वाहवत गेलो. ते हसले. ढोलकीने वाटेल तिथे फिरावं, पण तुणतुण्याने उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला तर परतायला घर राहत नाही, असं त्यांनी सांगितलं. अर्धा तास एकच ठोका. तीन वर्षं मी वेग शिकत होतो, थांबून राहणं शिकलोच नव्हतो.

त्या दुपारचं चार तासांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. कुठला फड, कुठली जत्रा, सुरत्याला किती वाटा मिळे, मोसमाच्या अखेरीस उचल कशी फिटायची. घरी आल्यावर ते मी वडिलांच्या फोनवर टाकलं. ते त्याबद्दल काही बोललेले नाहीत. पण मागच्या रविवारी मी बास काढला, तेव्हा ते पेपर घेऊन त्याच खोलीत बसून राहिले. थोड्या वेळाने पेपरवरची नजर न काढता म्हणाले, ‘‘पुढे पळतोयस.’’

मी लय कमी केली.